तिसरी पायरी

"वाक. अजून वाक. ताठ माणसाच्या हातून रंधा चालत नाही, बाळांनो. रंधा म्हणतो, आधी तू वाक, मग मी धावतो."

अब्बांचा हा आवाज आपाच्या कानांत सत्तेचाळीस वर्षं मुक्कामाला होता. न सांगता आलेला आणि जायचं नाव न घेणारा पाहुणा. त्या दिवशी ती चहाचा ट्रे घेऊन कारखान्याच्या उंबऱ्यावर उभी होती. पाच वर्षांचा धाकटा भाऊ रंध्यावर ओणवा झालेला, पंधरा वर्षांचा थोरला त्याच्या पाठीशी, त्याच्या इवल्या पंजांवर आपले पंजे ठेवून. एक रंधा, चार हात. कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ ढलपी निघाली की धाकटा खिदळायचा, आणि तो खिदळला की थोरला हसायचा. चहा निवला होता, पण तिला हाक मारवली नव्हती.

आज शुक्रवार. त्याच घराच्या पुढच्या खोलीत आपा सतरंजी झटकत होती आणि मनाशी पुटपुटत होती. अम्मा दळता-कांडताना म्हणायची ती ओळ.

माझ्या गं अंगणात एक झाड, दोन फांद्या,
एकीला लागे वारा, दुसरीच्या हलती पारंब्या.

सत्तावीस वर्षांनी दोन्ही भाऊ एका छपराखाली येणार होते. थोरला परवा हे गाव सोडून मुलाकडे निघाला होता. एकदा गेला की बासष्टीतला माणूस पुन्हा कशाला येतोय? म्हणून आपानं गेल्या आठवड्यात त्याला गाठून बजावलं होतं, "जायच्या आधी घरी ये. नाही म्हणालास तर तुझ्या दारात येऊन बसेन. मग माझे गुडघे जाणोत आणि तू जाण."

तो आला. दारातच थांबला, सलाम केला, आणि उंबऱ्याशी चपला काढतात त्या कोपऱ्यात, सतरंजी संपते तिथं टेकला.

"अरे, तिथं काय बसतोस चपलांत? वर ये."

"जागा संपते तिथं बसावं, आपा. अब्बा काय सांगायचे?"

"अब्बा मजलिसीत आलेल्याला सांगायचे. हे तुझं घर आहे."

तो नुसता हसला. दाढी पुरती पांढरी झाली होती. हसू मात्र तेच, एका बाजूला जरा जास्त. आपाला रडू आवरेना. ती म्हणाली, "थांब, पाणी आणते," आणि पाणी आणायला जाऊन न्हाणीत तोंड धुऊन आली.

काय घडलं होतं ते गावाला पाठ होतं. मशिदीचा मिंबर, प्रवचनासाठी चढायचा लाकडी चौथरा, या घरानं केला होता. तीन पायऱ्यांचा, एकही खिळा नसलेला. त्याच्या तिसऱ्या पायरीवर उभं राहून खतीबसाहेब दर शुक्रवारी खुतबा, म्हणजे प्रवचन, द्यायचे. चौथ्याच शुक्रवारी ती पायरी उभी चिरली आणि खतीबसाहेब कमरेवर पडले. खुबा मोडला. ते पुन्हा कधी उभे राहिले नाहीत. फळी ओली होती. दोन वर्षं सावलीत वाळवल्याशिवाय लाकडाला हात लावायचा नाही, ही या घराची रीत. त्याच घरानं मशिदीत ओली फळी बसवली. त्या संध्याकाळी अब्बांनी दोन्ही मुलांना समोर उभं करून विचारलं, "फळी कुणी काढली?" आणि थोरला म्हणाला, "मी."

दुसऱ्या दिवसापासून तो कारखान्यात आला नाही. इस्पितळाच्या तळघरात खुर्च्या आणि खाटा दुरुस्त करायची नोकरी धरली. गावानं त्याचं बारसं केलं, 'कच्चा मिस्त्री'. दीड वर्षानं अब्बा गेले. धाकट्यानं कारखाना वाढवला. गाव त्याला 'उस्ताद' म्हणू लागलं. लग्न त्याचं आधीच ठरलं होतं, ते झालं. खतीबसाहेबांच्याच लेकीशी.

त्यामुळे या घरात थोरल्याला पाय ठेवता येत नव्हता. त्याला कुणी नको म्हटलं नव्हतं. सुनेच्या बापाचं हाड मोडणारा माणूस कोणत्या तोंडानं येईल, एवढंच.

*

उस्तादची लेक, चोवीस वर्षांची, कारखान्यातून भुश्शानं माखलेली आत आली तेव्हा चपलांच्या कोपऱ्यात एक म्हातारा पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून बसला होता. पेला धरायची ती पद्धत तिनं ओळखली. तिचा बाप असाच धरायचा.

"मोठे अब्बा?"

"तूच ती? रंधा मारतेस म्हणे."

"कोण म्हणालं?"

"इस्पितळात सगळे येतात, पोरी. आजारी माणूस फार बोलतो."

ती मोठ्यानं हसली. मग एकदम म्हणाली, "चला, तुम्हाला लाकूड दाखवते." आपा म्हणाली, अगं, पाहुणे येतील एवढ्यात. पण दोघं गेलीसुद्धा.

कारखान्यात शिरताना थोरला क्षणभर थबकला. नाकानं श्वास घेतला, घरच्या स्वयंपाकाचा वास घ्यावा तसा. भिंतीला फळ्या उभ्या होत्या, प्रत्येकीच्या कडेला खडूनं तारीख. नवा मिंबर करायचा होता. जुना त्या दिवसापासून मशिदीच्या अडगळीत पडला होता आणि खतीब साध्या चौथऱ्यावर उभे राहत होते.

"या तीन पायऱ्यांसाठी काढल्यात," लेक म्हणाली.

त्यानं वाकून बोटाचं पेर पहिल्या फळीवर मारलं. टक्. कान लावला. दुसरीवर मारलं. टक्. तिसरीवर मारलं आणि मान हलवली.

"ही गप्प आहे. ही नको."

"पण हिला अडीच वर्षं झालीत! तारीख बघा."

"झाली असतील. भिंतीच्या ओलीला लागून उभी असेल. वाळलेलं लाकूड बोलतं, ओलं गप्प बसतं. अब्बा म्हणायचे, तारीख माणूस लिहितो."

तिनं खणातून ओल मोजायचं यंत्र काढलं, दोन सुया फळीत टोचल्या. काटा लाल पट्ट्यात गेला. ती बघतच राहिली. बापाकडून सगळं शिकली होती ती, पण बापाला फळीवर पेर मारताना तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. प्रत्येक फळी यंत्रानंच. एकदा नाही, तीन-तीनदा. रात्री पुन्हा येऊन. 'अब्बा, तुमचा स्वतःच्या हातावर विश्वास नाही का,' असं तिनं एकदा चिडून विचारलं होतं. उस्ताद म्हणाले होते, 'नाही.'

"मोठे अब्बा, एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"ज्याला बोटानं कळतं, त्याला तेव्हा कसं नाही कळलं?"

थोरल्यानं तिसरी फळी उचलून बाजूला ठेवली, दोन्ही हातांनी, झोपलेलं मूल ठेवावं तशी. "माणसाचे कान कधी कधी गावाला गेलेले असतात," तो म्हणाला. आणि पुढे काही विचारायच्या आत, "तुझ्या रंध्याचं पातं बोथट झालंय. घासून देऊ?"

*

सून स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती. आपानं कालच सांगितलं होतं, "दुल्हन, तू पुढं येऊ नकोस हवं तर. पण त्याला येऊ दे." ती होही म्हणाली नव्हती आणि नाहीही.

नऊ वर्षं तिचे अब्बा अंथरुणावर होते. नऊ वर्षं ती रोज माहेरी जाऊन त्यांना कुशीवर वळवायची. ज्याच्या आवाजानं मशीद भरून जायची, त्या माणसाला पाणी मागायला लाज वाटायची. पण तक्रार कधी नाही. पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "त्या पोराला सांगा, मी माफ केलं. अल्लाहनं मला रोज माफ करावं असं वाटतं, तर मी एकदा करायला नको?" हा निरोप लोकांनी पोचवला होता.

पण शेवटच्या आठवड्यातला निरोप फक्त तिला सांगितलेला होता. "बेटी, त्या सुताराला बोलाव. माफी पाठवून दिली, पण ती हातात हात घेऊन द्यायची असते. त्याच्या मनावर ओझं असेल. ते तसंच ठेवून मी जाऊ नये."

तिनं बोलावलं नव्हतं. आज बोलावते, उद्या बोलावते, म्हणत राहिली. रागानं. अब्बा दारातल्या प्रत्येक पावलाकडे मान वळवायचे, आणि ती उशी नीट करायची. सहाव्या दिवशी मान वळायची थांबली.

अठरा वर्षं ती रोज नमाजेनंतर हात पसरायची, आणि या एका गोष्टीपाशी दुआ अडखळायची. लोक तिला म्हणायचे, किती केलंस बापाचं. ती मान खाली घालायची. त्यांना वाटायचं, नम्र आहे.

बाहेर आवाज आले. पाहुणे.

*

मशिदीचे सेक्रेटरी आधी आले, त्यांचं पोट त्यांच्याही आधी. मागून तरुण इमामसाहेब. दोघंही परगावचे, सेक्रेटरी चार वर्षांपूर्वी आलेले, इमाम सहा महिन्यांपूर्वी. सेक्रेटरींच्या डाव्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि ते वाटभर पाय फरफटत आले होते.

"अस्सलामु अलैकुम! उस्ताद, तुमच्या गल्लीनं माझी चप्पल खाल्ली." त्यांची नजर कोपऱ्यात गेली. थोरला नुकताच कारखान्यातून येऊन परत तिथंच टेकला होता, बाह्यांवर भुसा. "अहो चाचा, एवढं बघता का? काही खिळा-बिळा मारा."

थोरल्यानं चप्पल घेतली. खिशातून आरी आणि मेण लावलेला दोरा काढला. इस्पितळातल्या खाटांचं कापड शिवायला तो नेहमी जवळ बाळगायचा.

"नवीन माणूस ठेवलात?" सेक्रेटरींनी उस्तादना विचारलं.

उस्ताद सतरंजीच्या मधोमध बसले होते, पांढऱ्या कपड्यांत. त्यांनी तोंड उघडलं. 'माझे भाईजान' हे दोन शब्द जिभेवर आलेही. तेवढ्यात कोपऱ्यातून उत्तर आलं, "लाकूडकामच करतो, साहेब."

"छान, छान," म्हणून सेक्रेटरी लोडाला टेकले.

आपानं धाकट्याकडे पाहिलं. धाकट्यानं सतरंजीकडे.

चहा आला. तो लेकीनं आणला. सेक्रेटरींनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "ऐका. मिंबरावर पितळी पाटी लावायची, 'उस्तादांच्या हस्ते'. अक्षर मोठं. दारातून वाचता आलं पाहिजे."

"आमच्या अब्बांनी कशावरच नाव घातलं नाही," आपा म्हणाली. "म्हणायचे, नमाजीच्या नजरेपुढं सुताराचं नाव कशाला?"

"तो जमाना गेला, आपा. आता नाव नसलं तर लोक विचारतात, काय लपवताय?"

"पाटी राहू द्या," उस्ताद म्हणाले.

"बघा, केवढी नम्रता!" सेक्रेटरी इमामांकडे वळले. "म्हणून मी म्हणतो, कारागीर पुष्कळ, पण असा माणूस..."

इमामांचं लक्ष नव्हतं. ते कोपऱ्यात बघत होते. म्हातारा चप्पल गुडघ्यावर धरून टाका घालत होता. एक टाका, ओढ, गाठ. पुन्हा एक टाका. कुणाची चप्पल आहे, कुणी सांगितली, याच्याशी त्याला जणू घेणंदेणंच नव्हतं. इमाम उठले आणि त्याच्याजवळ जाऊन बसले.

"इमामसाहेब, तिकडे कुठं चपलांत?"

"इथून वारा चांगला येतोय," इमाम म्हणाले. मग हळूच थोरल्याला, "चाचा, आपले हुजूर, पैगंबरसाहेब, स्वतःची चप्पल स्वतः शिवायचे. बीबी आयेशांनी सांगितलंय."

"ते स्वतःची शिवत. मी दुसऱ्याची शिवतोय. शिवून झाली की मालक चहा पाजतो का बघतोय."

इमाम खळखळून हसले. आपलं तरुणपण विसरून गंभीर राहायची त्यांची धडपड होती, ती क्षणभर सुटली. "हुजूर म्हणाले, जो अल्लाहसाठी वाकतो त्याला अल्लाह उंच करतो. मी दर शुक्रवारी हे उभं राहून सांगतो, चाचा. उंचावर उभं राहून. मलाच हसू येतं."

"उंचावर उभं राहायलाही कुणीतरी पाहिजे. नाहीतर मागच्यांना ऐकू कसं यायचं?" थोरला म्हणाला. "फक्त पायरी पक्की पाहिजे."

पायरी हा शब्द ऐकून सेक्रेटरी सरसावून बसले. "हां! पायरीवरून आठवलं. खरं काम तेच आहे, उस्ताद. लोक घाबरतात. म्हातारे लोक म्हणतात, त्या घराचा मिंबर पुन्हा नको. मी म्हटलं, अहो, ते पाप कच्च्या मिस्त्रीचं. उस्तादांचा काय संबंध? पण भरवसा लागतो. तर कमिटीचं असं ठरलंय, पुढच्या शुक्रवारी नमाजेनंतर तुम्ही उभं राहून दोन वाक्यं बोला. 'जुन्या मिंबराचं लाकूड माझ्या भावानं काढलं होतं. या नव्याला त्याचा हात लागलेला नाही आणि लागणार नाही.' एवढंच. मग मिंबराचं काम पक्कं तुमचंच, काय हवं ते करतो."

थोरल्यानं दोरा ओढून पुढचा टाका घातला.

लेकीनं कप गोळा करता करता हात थांबवला. तिला वाटलं, आता अब्बा चिडतील. ते चिडले नाहीत. घाम पुसत होते.

"पण जे झालं ते..." उस्तादनी सुरुवात केली आणि थांबले.

"यात खोटं काय आहे?" सेक्रेटरी म्हणाले. "त्यानंच कबूल केलं होतं म्हणतात. माणूस आहे कुठं आता?"

"परवा गाव सोडून जातोय," कोपऱ्यातून थोरला म्हणाला. त्यानं दातानं दोरा तोडला, चप्पल उलटी-सुलटी करून पाहिली आणि सेक्रेटरींच्या पायाशी नेऊन ठेवली. वाकून, दोन्ही हातांनी. "घालून बघा, साहेब. जाणारा माणूस काही म्हणायचा नाही. छोट्या, म्हणून टाक ना. दोन वाक्यांनी मशिदीला मिंबर मिळतोय. म्हण."

'छोट्या' ऐकून सेक्रेटरींचा पाय चपलेत अर्धा शिरला आणि तिथंच राहिला. त्यांनी थोरल्याकडे पाहिलं, मग आपाकडे, मग परत थोरल्याकडे. चेहरा हळूहळू लाल झाला.

"म्हणजे... तुम्ही..."

"मीच कच्चा," थोरला हसला. "टाका मात्र पक्का आहे."

*

तेव्हा स्वयंपाकघराचं दार उघडलं. सून बाहेर आली. ओढणी नीट केली, आणि पाहुण्यांच्या देखत, सतरंजी ओलांडून, थोरल्यासमोर येऊन उभी राहिली. आपा पटकन उठली. तिला वाटलं, आता काहीतरी तुटतंय.

"भाईजान."

सत्तावीस वर्षांत तिनं त्याला काहीच म्हटलं नव्हतं. 'ते' म्हणायची. 'आपाचे भाऊ'.

"बोल, दुल्हन."

"अब्बांनी तुम्हाला बोलावलं होतं. जायच्या आधी. सहा दिवस दाराकडे बघत होते. मी निरोप दिला नाही." तिचा श्वास लागला, पण डोळे कोरडे होते. "तुमच्यावर राग होता म्हणून. त्यांना तुमचा हात हातात घ्यायचा होता. मी घेऊ दिला नाही. मला माफ करा."

थोरला एकदम उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं एका बाजूचं हसू प्रथमच गेलं. त्यानं हात वर केला, जवळजवळ घाबरून. "नको गं, नको. तू कशाला माफी मागतेस? माझ्याकडे? उलट मीच यायला हवं होतं. न बोलावताच. दोनदा तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो होतो." तो दाराकडे बघू लागला. "त्यांचा खुतबा मी शेवटच्या ओळीत बसून ऐकायचो. अजून ऐकू येतो."

"माफ केलंत ना?"

"केलं. केलं, बेटी. काही होतंच नाही माझ्याकडे माफ करण्यासारखं."

ती तिथंच खाली बसली. चपलांत. आपा तिच्याजवळ बसली आणि तिचा हात हातात घेऊन पाठीवरून हात फिरवू लागली. इमामांनी मान खाली घातली होती.

*

उस्ताद सतरंजीच्या मधोमध एकटे राहिले होते.

सगळं घर दाराशी होतं. बायको, बहीण, भाऊ, परगावचा इमाम, सगळे चपलांच्या कोपऱ्यात गोळा झाले होते, जणू खोलीचा पुढचा भाग तोच असावा. इथं मध्ये लोड होता, पांढरा कपडा होता, आणि ते होते.

त्यांना तो दिवस दिसला. भाईजान लाकूड आणायला चार दिवस परगावी. मिंबर पोचवायला दोन दिवस उरलेले. तिसऱ्या पायरीची वाळकी फळी त्यांच्याच रंध्याखाली गाठीवर फुटली. अब्बा तापानं झोपलेले. पंचवीस वर्षांचा तो. होणारे सासरे त्या मिंबरावर उभे राहणार, सगळी मशीद बघणार. अंगणातल्या नव्या ढिगातून त्यानं एक फळी ओढली. पेर मारलं. फळी गप्प होती. त्यानं पुन्हा मारलं, जोरात, जणू ती दबून बोलेल. मग तेल लावलं, दोन हात जास्त, आणि बसवली.

भाईजान परत आले तेव्हा मिंबरावरून हात फिरवत म्हणाले, "वा, छोट्या." एवढंच. फळीवर पेर मारलं नाही. भावाच्या कामावर पेर मारायचं नसतं, असं त्यांना वाटलं असणार.

आणि त्या संध्याकाळी अब्बांनी विचारलं तेव्हा उत्तर त्यांनीच द्यायला हवं होतं. एक श्वास, फक्त एक श्वास उशीर झाला, आणि भाईजान म्हणाले, "मी." नंतर अंधारात, जिन्याखाली, भाईजाननी त्यांचा दंड धरला होता. "तुझं लग्न आहे. तिच्या घरी रोज हाच विषय असेल. माझं काय, मी कुठंही खुर्ची ठोकीन. जो भावाचं झाकतो त्याचं अल्लाह झाकतो. आता तोंड उघडायचं नाही. शपथ."

शपथ घेतली होती. सोयीची शपथ पाळणं सोपं असतं.

सत्तावीस वर्षं लोक त्यांना नम्र म्हणत. पाटी नको म्हटलं की नम्र. मान वर करून बोलले नाहीत की नम्र. मशिदीत मागे बसले की नम्र. आणि ते घरी येऊन यंत्राच्या सुया त्याच त्या फळीत तिसऱ्यांदा टोचत. भाईजानची आठवण ही दुःख नव्हती, ती भूक होती. पाठीशी उभं राहून पंजांवर पंजे ठेवणारं कुणी उरलं नव्हतं. एकट्यानं रंधा ओढताना पाठ उघडी पडल्यासारखी गार लागायची. हाक मारली असती तर ते आले असते. पण हाक मारायची तर खरं सांगावं लागलं असतं. आणि खरं सांगायचं तर ही बाई, जी आता चपलांत बसून हुंदके देतेय, रोज सकाळी ज्या नजरेनं चहा द्यायची, ती नजर गेली असती.

आणि आज तिनं माफी मागितली. ज्याचा दोष नव्हता त्याच्याकडे. सगळ्यांसमोर. सहा दिवसांच्या एका चुकीसाठी.

ते उठले. सेक्रेटरी घाईघाईनं म्हणाले, "उस्ताद, बसा, बसा, आपण हे नंतर... घरगुती आहे..."

"सेक्रेटरीसाहेब, जाऊ नका. तुम्हीही ऐका. पुढच्या शुक्रवारी मी उभा राहीनच. पण आधी इथं."

थोरल्यानं मान वर केली. क्षणात त्याला कळलं. "छोट्या," तो म्हणाला, कधीकाळी रंध्यापाशी म्हणायचा तशा आवाजात, "गप्प बस. खाली बस आधी. शपथ आहे."

"तुमची शपथ मला सोडा, भाईजान."

"झाकलेलं झाकलेलं राहू दे रे. माझं काय अडलंय? परवा मी जातोच आहे."

"म्हणूनच."

"इमामसाहेब, सांगा याला!"

इमामांनी दोघांकडे पाहिलं. "चाचा, दुसऱ्याचं झाकायला सांगितलंय," ते हळू म्हणाले. "आपलं दुसऱ्याच्या अंगावर टाकून झाकायला नाही सांगितलेलं."

उस्ताद बायकोसमोर आले आणि जमिनीवर बसले. इतक्या जवळ की त्यांच्या पांढऱ्या कपड्याला चपलांची माती लागली. लेक कपांचा ट्रे धरून भिंतीशी उभी होती. तिच्याकडे बघायचं धाडस त्यांना झालं नाही. त्यांनी बायकोचे हात धरले नाहीत. तो हक्क आहे की नाही, हे आता ती ठरवणार होती.

"अगं," ते म्हणाले, "तुझ्या अब्बांना ज्याचा हात हातात घ्यायचा होता, तो माणूस रोज त्यांच्या उशाशी बसत होता. त्यांना पाणी पाजत होता. जावई म्हणून."

तिनं मान वर केली. अजून कळलं नव्हतं. मग डोळ्यांत काहीतरी कळू लागलं, आणि तिचा हात आपाच्या हातातून सुटला.

"भाईजान त्या दिवशी गावातच नव्हते. फळी मी काढली. ओली होती." त्यांनी श्वास घेतला. चूक झाली, म्हणून थांबता आलं असतं. सगळे ते मान्यही करतील, असं त्यांना वाटलं. ते थांबले नाहीत.

"ओली होती, आणि मला माहीत होतं."